हायसं वाटतं, तिथेच घात होतो

शिवाशिव आणि सोवळं अजून पाळणाऱ्या घरांत ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापोटी तीच ती कृती करायला लावणारा मंत्रचळाचा आजार, लवकर ओळखू येत नाही. सून सारखी हात धुते, देव्हाऱ्यातली भांडी पुन्हा पुन्हा घासते. शेजारीपाजारी म्हणतात, सोवळ्याची कडक आहे हो. पुढे बोटं चिरतात, सकाळची आंघोळ अकरापर्यंत लांबते, ओटा पुसता पुसता जेवण राहून जातं, तेव्हा कुठे कोणी डॉक्टरांचं नाव काढतं. नियम पाळणारा माणूस काम उरकलं की उठतो. मंत्रचळ लागलेल्याला काम उरकलं असं वाटतच नाही. (टेबलावरची पेनं सरळ लावून ‘मी जरा ओसीडीच आहे’ म्हणणारे बहुतेक जण नुसते टापटिपीचे असतात. त्यांना त्यात समाधान मिळतं, आणि रुग्णाला नेमकं तेच मिळत नाही.)

जगभरच्या पाहण्यांत हा आजार शंभरातल्या एक ते तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी होतो. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात. आणि धुणं-पुसणं हे त्याचं फक्त एक रूप.

समजा, फोंड्याहून पणजीला रोज स्कूटरने कामाला जाणारा एक तरुण आहे. भोमला चाक खड्ड्यात आपटतं. आपण रस्त्याला एक शिवी हासडून पुढे जातो. त्याच्या मनात येतं, खड्डाच होता ना? की कोणाला धक्का लागला? आरशात काही दिसत नाही, पण कोणी गटारात पडलं असेल तर आरशात दिसणार कसं? बाणस्तारीचा पूल ओलांडून तो मागे फिरतो. रस्ता मोकळा. हायसं वाटतं. मग आठवतं, मागे येताना एका म्हाताऱ्याच्या अगदी जवळून गाडी काढली होती. पुन्हा फेरी. रात्री घरी, ‘आई, भोमला आज अपघात झाल्याचं कानावर आलं का गे?’

घात या ‘हायसं’ वाटण्यात आहे. फेरी मारली म्हणून भीती गेली, एवढंच मेंदू शिकतो. फेरी मारली नसती तरी थोड्या वेळाने ती आपोआप ओसरली असती, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. पुढच्या खड्ड्याला भीतीची मागणी वाढलेली असते.

मुळातला विचार मात्र जगावेगळा नसतो. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली दाखवून दिलं की धडधाकट माणसांच्याही मनात असे नको ते विचार येतात: पुलावरून उडी मारावी, पूजेत बसल्यावर अभद्र शब्द उच्चारावा, हातातल्या बाळाला काही करून बसू. बहुतेक जण ते झटकून देतात. ओसीडीत माणूस त्यावरून स्वतःलाच आरोपी ठरवतो. बाळंतिणीला असा विचार आला की ती हादरते, बाळाला उचलायलाही घाबरते आणि लाजेपोटी कोणाला सांगत नाही. ओसीडीतला असा विचार म्हणजे तिची इच्छा नव्हे. तो तिला इतका छळतो, कारण तिला तसं मुळीच करायचं नसतं.

मेंदूत पुढच्या भागाचा कपाळामागचा पट्टा, खोलवरचं कॉडेट केंद्र आणि थॅलॅमस यांच्यात फिरणारं एक मंडल यात जास्त चालू राहतं, ‘काहीतरी चुकलंय’ हा इशारा थांबत नाही. 1992 साली लॉस एंजेलिसच्या बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रं काढली. औषधाने बरं वाटलेल्यांच्या आणि निव्वळ वर्तनोपचाराने बरं वाटलेल्यांच्या, दोघांच्याही कॉडेटमधली धावपळ उतरली होती.

हा वर्तनोपचार म्हणजे ईआरपी: भीतीला सामोरं जायचं आणि ठरलेली कृती करायची नाही. लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये दोन रुग्णांवर तो वापरल्याचं लिहिलं. धुण्याचा ध्यास लागलेल्या बाईच्या खोलीतलं पाणीच बंद केलं होतं. आता इतकी सक्ती करत नाहीत. रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या ठरवतात. आपल्या स्कूटरवाल्याला आधी आरशात दुसऱ्यांदा न पाहता जायचं, मग मागे न वळता, मग बातम्या न चाळता. पोटात गोळा येतो, तो येऊ द्यायचा. ‘लागलं असेल, नसेल’ ही शंका अर्धवट सोडून कामाला लागणं, हाच सराव.

यात घरच्यांचं काम सगळ्यात कठीण, कारण मायेने दिलेला दिलासासुद्धा कृतीचाच भाग होऊन बसतो. ‘नाही रे बाबा, काही झालं नाही’ हे दहाव्यांदा ऐकून मुलाला दहा मिनिटं बरं वाटतं, तेवढंच. काही जण देवळात कौल लावतात. पाकळी उजवी पडली तरी शंका येते, प्रश्न नीट विचारला होता ना? आईने चिडू नये, थट्टाही करू नये. थेरपिस्टशी ठरवून एवढंच म्हणावं: ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला. याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय तसं.’ हेही टप्प्याटप्प्याने. एका रात्रीत सगळा आधार काढून घेतला तर घरात भांडणंच होतील.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारखी एसएसआरआय गटातली, नैराश्यावरही देतात ती औषधं अनेकांना उपयोगी पडतात. नैराश्यापेक्षा डोस बहुधा जास्त लागतो, आणि परिणाम कळायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या मनाने सोडणारे पुष्कळ. गोव्यात बांबोळीला सरकारी मनोविकार संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं. कुठेही गेलात तरी ईआरपी करता का, हे स्पष्ट विचारा. नुसतं ‘मन शांत ठेवा, विचार करू नका’ असं सांगून पाठवलं तर दुसरा डॉक्टर शोधा.