भौतिकोपचार साहाय्यकाचे शिक्षण

भौतिकोपचारतज्ज्ञाने, म्हणजे बोलीतल्या ‘फिजिओ’ने, रुग्णाला तपासून आखलेले उपचार त्याच्या देखरेखीखाली रुग्णाकडून करवून घेणारा तो भौतिकोपचार साहाय्यक. पहिली तपासणी, योजनेतले बदल आणि उपचार कधी थांबवायचे हे तज्ज्ञ ठरवतो. शेक देणे, मशीन लावणे, व्यायाम घेणे, चालवणे आणि नोंद ठेवणे ही साहाय्यकाची कामे. ही हद्द शिकवणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

अमेरिकेत तिथल्या भौतिकोपचार संघटनेने १९६७ मध्ये हे पद मान्य केले आणि १९६९ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तिथे साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि त्यानंतर परवान्याची परीक्षा. भारतात २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ‘संलग्न आरोग्य व्यावसायिका’च्या, म्हणजे तपासणी-उपचारांत तांत्रिक मदत करणाऱ्याच्या, पदविका-पदवीसाठी किमान २,००० तासांची अट घातली. नवी मुंबईत नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, तर कामोठ्याला एमजीएम येथे भौतिकोपचाराचे पदवी शिक्षण मिळते. साहाय्यकाचे काम मात्र इथल्या रुग्णालयांत बरेचदा इंटर्न, वॉर्डबॉय आणि मावशी वाटून घेतात आणि ते एकमेकांचे बघून शिकतात. काही मावश्यांचा हात नव्या इंटर्नपेक्षा सराईत असतो, हे खरे. पण का करायचे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, आणि घोटाळा तिथेच होतो.

उदाहरणार्थ, लकवा झालेल्या रुग्णाला उठवताना घरचे लोक हटकून लुळ्या हाताला धरून ओढतात. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे सांधा निसटू शकतो. साहाय्यकाने रुग्णाच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरायचे आणि उभे राहायचे ते लुळ्या बाजूला, कारण रुग्ण पडला तर बहुधा तिकडेच पडतो. बरेच दिवस झोपून असलेल्याला एकदम उभे करायचे नाही. आधी पाय खाली सोडून खाटेच्या कडेला बसवायचे आणि ‘गरगरतंय का?’ असे विचारायचे. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला लावायची. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात द्यायची. दुखऱ्याच बाजूला काठी धरलेले आजोबा मात्र प्रत्येक सोसायटीच्या बागेत दिसतात.

ठाण्यात घरी जाऊन उपचार करणाऱ्याची खरी परीक्षा जिन्यावर होते. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत गुडघा बदललेल्या आजींना पायऱ्या शिकवताना नियम एकच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उतरताना साहाय्यकाने त्यांच्या पुढे, एक पायरी खाली राहायचे. आजी मात्र ‘व्यायाम राहू दे, मशीनच लाव’ म्हणतात. त्यांना न दुखावता उभे करणे हेही प्रशिक्षणातच यायला हवे.

पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर चोळायचे नाही, चालवायचे नाही. शिरेत गुठळी असण्याची शक्यता धरून लगेच तज्ज्ञाला फोन करायचा. गुठळी आहे की नाही हे साहाय्यकाने ठरवायचे नसते.

नोंद लिहिणे सगळ्यांनाच कंटाळवाणे वाटते. ‘पेशंट बरा’ एवढ्यावरून तज्ज्ञाला काहीच कळत नाही. ‘वॉकरने दहा मीटर चालल्या, मध्ये एकदा थांबल्या, दुखणे दहापैकी चार’ असे लिहिले, तर उद्या बारा मीटर चालवायचे की आठ, हे त्याला ठरवता येते.