उडालेलं पाणी की उडवलेलं पाणी?

देवळालीला तोफखान्याचं स्कूल असल्यामुळे म्हणा किंवा कशामुळे म्हणा, नाशकात फौजी वस्तू जमवणारे बरेच आहेत. त्यांच्यात दुसऱ्या महायुद्धातला जर्मन बिल्ला कुणाच्या हाती लागला की वाद ठरलेला, वरचं चांदीचं पाणी वयाने गेलंय की कुणी मुद्दाम घालवलंय? लांबून दोन्ही सेम, करडे आणि मळकट.

इन्फंट्री असॉल्ट बॅजचंच बघा, म्हणजे हल्ल्यांत लढलेल्या जर्मन पायदळ सैनिकाला मिळायचा तो बिल्ला. डिसेंबर १९३९ मध्ये सुरू झाला, पायदळाला चंदेरी आणि १९४० पासून गाड्यांवरच्या पायदळाला ब्राँझ रंगाचा. सुरुवातीचे बरेचसे टोंबाकचे, म्हणजे भरपूर तांबं आणि थोडं जस्त, त्यावर चांदी चांगली धरते. चांदी काळी पडते, पण जिथे घासली जाते तिथे खालून लालसर पिवळं दिसतं. पुढे तांब्याची चणचण झाली तसे जस्ताचे यायला लागले आणि खरा घोळ इथेच आहे. जस्तावरचा पातळ मुलामा नुसता घासून जात नाही, तो वर्षानुवर्षं हळूहळू खालच्या धातूत मुरतो, त्यामुळे कुणाचं बोटही न पोचणाऱ्या खाचेतली चांदीसुद्धा पुष्कळदा गायब असते. नवीन माणूस हे बघून म्हणतो की पाणीच नाही, डुप्लिकेट आहे, आणि चांगला पीस सोडून देतो.

मुद्दाम जुना केलेला उलटा असतो. खाचांत काळं एकसारखं भरलेलं, उंचवटे सगळीकडे सारखेच पुसलेले. अहो, छातीवर लावलेली वस्तू अशी मापात झिजत नाही! खऱ्या बॅजवर गरुड, बंदूक, बाहेरच्या पानांच्या कडा एकीकडे जास्त, एकीकडे कमी झिजलेल्या, आणि मागची बाजूही युनिफॉर्मच्या कापडावर घासून गुळगुळीत झालेली. सराफाकडे असते तशी दहापट लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून ओरखड्याच्या आत बघा. जुना ओरखडा आतूनही निस्तेज झालेला असतो, ताज्यात धातू चमकतो, आणि ओरखड्यातच काळा रंग बसलेला दिसला तर रंग नंतर आलाय. पिनचा जॉइंटही बघा, डाख आजूबाजूच्या मुलाम्यावर चढून चमकत असेल तर तो नंतर मारलाय, निदान रिपेअर तरी झालाय. लोहचुंबकावर मात्र विसंबू नका, पिन लोखंडी असली की चिकटणारच, जस्त काय नि टोंबाक काय चिकटत नाही.

आजोबा इटलीत लढले होते, त्यांच्या ट्रंकेतला आहे, असंही ऐकायला मिळतं. अशक्य अजिबात नाही, १९४४-४५ ला मराठा पलटणी तिथे जर्मनांशी लढल्यात, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथल्याच लढाईचे. पण ट्रंकेची गोष्ट ऐकून झाली तरी लूप खिशात ठेवायची नाही.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काही लावू नका. तांब्याच्या घागरीला ठीक आहे, जस्त मात्र आंबटाने खाल्लं जातं आणि अस्सल बॅजही ताजा पॉलिश केल्यासारखा दिसायला लागतो, मग कोण विश्वास ठेवणार. पावसाळ्यात जस्तावर पांढरी पूड धरते, प्लायवूडच्या पेटीत तर जास्तच, त्यापेक्षा सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. विकणारा म्हणाला, साहेब, चकाचक करून देतो, तर आहे तसाच मळका मागून घ्या.