भुताच्या साडीचा हिशेब

आमच्या एकांकिकेत मेलेली आजी घराच्या भिंतीतून दिसते. भिंत कसली, इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटातून मीटरवर आणलेली मच्छरदाणीची पांढरी जाळी. नेपथ्यातली जुनीच युक्ती: समोरून उजेड टाकला की जाळीची भिंत होते, तो मालवून मागचा दिवा लावला की भिंत विरघळते. पण रामबागेतल्या तालमीत पहिल्या प्रवेशापासूनच आजी भिंतीआड ताटकळताना दिसत होती. जाळी हलकी निघाली, असा सगळ्यांचा निकाल.

जाळी निर्दोष होती. तिच्यात ३० टक्के दोरा आणि ७० टक्के भोकं धरा. समोरून १०० भाग उजेड सोडला तर ३० भाग दोऱ्यांवर विखुरतो. हीच आपली भिंत. उरलेला ७० आत जातो, आजीच्या पांढऱ्या साडीवर आदळतो आणि परतताना त्याचाही ७० टक्केच भाग भोकांतून निसटतो, म्हणजे ४९. दोरा आणि साडी सारखीच पांढरी असेल, तर भूत भिंतीहून उजळ! साडी गडद केली असती तर भागलं असतं, पण आजीचं काम करणाऱ्या मावशी ऐकेनात. "भूत कधी काळ्या साडीत असतं का?"

मग दिवाच हलवला. वर, जाळीला जवळजवळ घासून उजेड खाली येईल असा. दोऱ्याला जाडी असते, त्यामुळे तिरप्या किरणांना भोकं अरुंद पडतात. शिवाय जो उजेड आत शिरतो तो जाळीलगतच्या जमिनीवर सांडतो. आजी चार हात मागे, काळोखात.

आजी दिसायची असते तेव्हा उलट खेळ: समोरच्या दिव्याचा उजेड उतरतो, मागच्याचा चढतो. आता साडीवरच्या उजेडाचे ७० टक्के थेट प्रेक्षकांकडे. दोरे आडवे येत नाहीत, कारण साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील डोळा वेगळा करू शकत नाही. १० मीटरवर हे अंतर ३ मिलिमीटर भरतं. जाळीची वीण त्याहून बारीक.

चेक नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा (१९२०–२००२) यांनी तर कापडही काढून टाकलं. १९६७ साली वीसबाडेनला वाग्नरच्या ऑपेरासाठी त्यांनी हवेत विद्युतभारित सूक्ष्म थेंब सोडून प्रकाशाचा खांब उभा केला. दोऱ्याचं काम थेंबांनी केलं. हल्ली समारंभांत 'होलोग्राम' म्हणून जे खपवतात, तेही पुष्कळदा जाळीवर टाकलेलं चित्रच असतं.

प्रयोगानंतर एक काकू आत आल्या. असलं काही संध्याकाळी करू नये, म्हणाल्या. मी त्यांना जाळीमागे नेलं, दोन्ही दिवे आळीपाळीने लावून दाखवले. त्यांनी जाळी चिमटीत धरून पाहिली आणि भाव विचारला.