गार्बो अंतर्मुख होती, हे कशावरून?

जुन्या नट्यांना मायर्स-ब्रिग्ज या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या १६ खणांत बसवण्याचा खेळ रंगला की हॉलिवूडच्या ग्रेटा गार्बोच्या पहिल्या अक्षराबद्दल कुणी हुज्जत घालत नाही. (प्रत्येक खणाचं नाव चार अक्षरांचं; पहिलं अक्षर अंतर्मुख की बहिर्मुख ते सांगतं.) अंतर्मुख! पुरावा ठरलेला: ‘मला एकटं राहायचंय.’ पण हे वाक्य १९३२च्या ‘ग्रँड हॉटेल’मधल्या रशियन नर्तिकेचं. १९५५ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात गार्बोचा खुलासा छापून आला: आपण तसं म्हटलंच नव्हतं, लोकांनी आपल्या मागे लागू नये एवढंच म्हटलं होतं.

संवाद बोलणाऱ्याच्या माथी मारण्याची ही खोड प्रयोगातही सापडते. जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. बाजू नेमून दिली होती, असं सांगूनही ते मत काही अंशी लिहिणाऱ्याचंच असावं, असा वाचकांचा कल दिसला. नटीची तर बाजूच काय, शब्दही दुसऱ्याचे.

म्हणून आधी चाळणी लावायची. संवाद, स्टुडिओची प्रसिद्धिपत्रकं, पोज दिलेले फोटो बाजूला. ठेवायचं ते असं वागणं, जिथे तिला वेगळं वागण्याची मुभा होती. मग प्रत्येक नोंदीपुढे विचारायचं: त्या जागी दुसरं कुणीही हेच केलं असतं का? १९४१ नंतर, वय ३६ असताना, ती पडद्यावरून गेली ती कायमची. हा एकांतप्रेमाचा पुरावा वाटतो. पण शेवटचा चित्रपट टीकाकारांना रुचला नव्हता, युद्धामुळे तिची युरोपातली बाजारपेठ बंद होती, आणि १९४९ साली तिने पुनरागमनासाठी स्क्रीन टेस्टही दिली. पैसा उभा न राहिल्याने तो चित्रपट बारगळला. नोंद कच्ची, गुण अर्धा.

पक्की नोंद म्हणजे वेगवेगळ्या प्रसंगांत, वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा दिसलेली. सेटवर ती स्वतःभोवती पडदे लावून घ्यायची, मुलाखती टाळायची, चाहत्यांना सह्या द्यायची नाही. म्हणजे गर्दीची ओढ कमी, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. पण १९२६-२७ मध्ये हीच बाई कामावर जायचं थांबली आणि एमजीएम या तिच्या स्टुडिओकडून भरघोस पगारवाढ घेऊनच परतली. ठामपणा भरपूर! ‘बिग फाइव्ह’ या स्वभाव पाच गुणांत मोजणाऱ्या पद्धतीत गर्दीची ओढ आणि ठामपणा हे बहिर्मुखतेचेच दोन पोटगुण, तरी ते वेगवेगळे मोजता येतात. मायर्स-ब्रिग्जच्या एका अक्षरात दोन्ही एकत्र कालवले जातात आणि नेमकी गार्बोच हातातून निसटते.

त्या अक्षरांची आणखी एक अडचण: बहुतेकांचे गुण मधल्या भागात गोळा होतात, आणि रेघ तिथेच मारलेली. शंभरात ४९ आणि ५१ गुणांची माणसं वेगळ्या खणांत पडतात. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की एखादं अक्षर पालटतं, ते यामुळेच. खणाऐवजी पट्टी वापरावी: १ ते ७. गर्दीची ओढ १-२, ठामपणा ५-६. दोघांनी एकमेकांना न दाखवता आकडे टाकावेत. तीन-चारचा फरक पडला तर नोंदी परत वाचाव्यात. तिचा ‘टाइप’ आधी कुठे वाचला असेल, तर त्या माणसाला या कामाला बसवू नये. त्याला फक्त जुळणाऱ्याच नोंदी सापडतात.

‘बिग फाइव्ह’मधल्या भावनिक स्थैर्याचा रकाना मात्र कोरा सोडावा. पडद्यावर रडणं तिथे धरता येत नाही.