हातातली विंग आणि पाण्यातली विंग

शिरपूरच्या मावसभावाचा परवा फोन आला. "भाऊ, पंख ते लई लिधा, मंग आखो पंख कशाले?" त्याने विंग फॉइलिंगसाठी, म्हणजे हातात वाऱ्याचा पंख धरून पाण्यावर उचललेल्या बोर्डावरून सरकण्याच्या खेळासाठी, पाचची विंग घेतली होती, आणि आता विकणारा त्याला १५०० ची विंग घ्यायला सांगत होता. त्याला वाटलं, फसवतोय. फसवत नव्हता. दोन्हींना विंगच म्हणतात, घोळ तिथेच आहे.

पाचची म्हणजे ५ चौरस मीटर. ही हवा भरून हातात धरायची, वारा पकडणारी. १५०० ची म्हणजे १५०० चौरस सेंटिमीटर. ही बोर्डाखाली मास्टच्या, म्हणजे उभ्या दांड्याच्या, टोकाला पाण्यात बुडालेली असते आणि आपल्याला वर उचलते. एकाच मापात मोजलं तर हातातली तेहतीस पट मोठी. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्याने खालच्या एवढ्याशा पंखावर माणूस पेलतो.

हातातली विंग वारा ठरवतो. ७५ किलोच्या माणसाला १५ ते २० नॉट, म्हणजे साधारण ताशी २८ ते ३७ किलोमीटर वाऱ्यात पाचची पुरते. वारा कमी असेल तर सहाची, पंचवीस नॉटच्या वर गेला की चारची किंवा त्याहून लहान. आपल्याकडे एक जास्तीची भानगड आहे, ऊन. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४३ अंशांची हवा जवळपास ९ टक्के विरळ असते. म्हणजे गार किनाऱ्यावर बसवलेला विंगच्या मापांचा तक्ता जळगावच्या मे महिन्यात तसाच लावला, तर तितक्याच नॉटला ओढ कमी लागते. मी विंग अर्धा चौरस मीटर मोठी धरतो.

पाण्यातली विंग मात्र तुमचं वजन आणि तुमचा हात किती बसलाय यावर ठरते. ती रोज बदलायची नसते. त्याच ७५ किलोच्या नवशिक्याला १६०० ते २००० बरी, मुरलेला माणूस १००० च्या खालीही मजेत फिरतो. इथला हिशोब सरळ नाही. उचल वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १८०० ची विंग ताशी १२ किलोमीटरला उचलत असेल, तर त्याच आकाराची ९०० ची २४ नाही, १७ च्या आसपास मागते. पण नवशिक्याला तेवढे पाच किलोमीटरच जड जातात.

आणि नुसतं क्षेत्रफळ बघू नका. पंखाच्या लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ, हे गुणोत्तर विचारा. ९० सेंटिमीटर लांबीची १८०० ची विंग साडेचार गुणोत्तराची: रुंद, पळसाच्या पानासारखी, कमी वेगातही सांभाळून घेणारी. मीटरभर लांबीची १००० ची विंग दहा गुणोत्तराची: साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांची पाती आठवा, तशी लांब निमुळती. ती मस्त तरंगत जाते, पण आधी वेग मागते आणि वळायला आळशी.

लोक चुकतात ते इथे: बोर्ड उठत नाही म्हणून हातातली आणखी मोठी घेतात. आधी बघा, बोर्ड सरकतोय का? जागचाच हलत नसेल तर वरची विंग लहान पडतेय. भरभर सरकतोय आणि तरी उठत नाही, तर खालची लहान आहे, किंवा पाय चुकीच्या जागी आहेत. उठतो, पण वेग आला की नाक वर करतो आणि पुढच्या पायाने दाबून दाबून मांडी भरून येते, मग खालची मोठी झाली.

मावसभावाला १८०० ची सांगितली, साडेचार-पाचच्या गुणोत्तराची. धरणाचं पाणी गोडं, म्हणून शंभर लिटरचा बोर्ड समुद्रापेक्षा अडीच किलो कमी तोलतो, तेही सांगितलं. आणि उतरण्याआधी परवानगी आणि खोली दोन्ही बघ म्हटलं, कारण पाऊणएक मीटरचा मास्ट खाली असतो आणि जूनमध्ये वारा चढतो तेव्हाच धरणं तळाला गेलेली असतात.