रावपुऱ्यातली जाळी आणि विमानातले मिटणारे दार

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात सकाळी दुकाने उघडायच्या वेळी गेले, तर शटरच्या गडगडाटात मधूनच एक वेगळा, किरकिरणारा आवाज ऐकू येतो. तो लोखंडी जाळीचा असतो. कागदोपत्री तिला कोलॅप्सिबल गेट म्हणतात, पण आम्ही इथले मराठी लोक गुजरातीच्या संगतीने नुसते ‘जाळी’ म्हणतो. जुन्या दुकानांना आणि दांडिया बझारमधल्या कित्येक घरांच्या जिन्यांना ती अजून आहे. जवळ जाऊन पाहिले तर तिची रचना सरळ दिसते: काही उभे चॅनल, त्यांच्यामधून कैचीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या पट्ट्या आणि प्रत्येक छेदावर एक रिबिट. पट्टीचे एक टोक चॅनलला पक्के असते आणि दुसरे चॅनलमधल्या लांबट खाचेत वरखाली सरकते. या खाचेत गंज धरला की जाळी अडते, म्हणून दुकानदार तेलाची बाटली हाताशी ठेवतो.

ही खाच कशासाठी लागते, हे थोड्या भूमितीने कळते. जाळी पसरलेली असताना तिरकी पट्टी जमिनीशी समजा ३० अंशांचा कोन करते आणि मिटल्यावर ८० अंशांचा. पट्टीची आडवी व्याप्ती कोनाच्या कोसाइनप्रमाणे बदलते, म्हणून ती जवळजवळ पाचपट आक्रसते आणि सहा फुटांची जाळी साधारण सव्वा फुटात मावते. त्याच वेळी पट्टीची उभी व्याप्ती दुपटीच्या आसपास वाढते. ही वाढ जिरवायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे खाच. रुंदीत जे वाचते ते उंचीत द्यावे लागते, असा हा व्यवहार आहे.

या जाळीची आठवण मला एका भलत्याच ठिकाणी झाली. लांब पल्ल्याच्या विमानांत हल्ली महागड्या वर्गातील प्रत्येक आसनाभोवती भिंत उभारून त्याची छोटी खोली करतात आणि तिला ‘सूट’ म्हणतात. सिंगापूर एअरलाइन्सने २००७ साली ए-३८० विमानात असे दारांचे सूट आणले, २०१७ मध्ये कतार एअरवेजने बिझनेस वर्गालाही दार दिले, आणि जानेवारी २०२४ पासून एअर इंडियाच्या ए-३५० विमानांतही सरकत्या दारांचे २८ सूट आहेत. आमच्या वडोदऱ्यात टाटा आणि एअरबस यांच्या कारखान्यात सी-२९५ विमानांची जुळणी होते, पण ती लष्करी मालवाहू विमाने असल्यामुळे त्यांत असली चैन नाही.

अशा सुटाचे दार सहसा एकसंध फळीचे असते आणि उघडल्यावर ते शेजारच्या भिंतीच्या पोकळीत सरकते. अडचण इथेच सुरू होते, कारण दार जितके रुंद तितकी लांब पोकळी लागते, आणि ती पोकळी नेमकी त्या भिंतीत असते जिथे टेबल, दिवे, तारा आणि सामानाचा कप्पा यांनाही जागा हवी असते. म्हणून दार मिटणारे असावे, ही कल्पना कुणाच्याही मनात येईल. पण कुणाच्याही मनात येणाऱ्या कल्पनेला पेटंट मिळू शकते का? पेटंट परीक्षकाचे सारे काम या एका प्रश्नाभोवती फिरते, आणि मिटणारे दार हे ते काम समजून घ्यायला फार सोयीचे उदाहरण आहे.

त्याआधी विमानाच्या बाजूची अडचण पाहिली पाहिजे. अमेरिकी विमान-नियमावलीतील २५.८१३ क्रमांकाचा नियम सांगतो की, उड्डाण आणि अवतरण यांच्या वेळी प्रवासी ज्या आसनावर बसू शकतो ते आसन आणि आणीबाणीचा दरवाजा यांच्या वाटेत कोणतेही दार आडवे येता कामा नये. सुटाचे दार तर नेमके या वाटेतच असते. त्यामुळे अशा दारांसाठी नियमातून सवलत मागावी लागते आणि ती अटींवर मिळते: जमिनीवर धावताना, उडताना व उतरताना दार उघडे ठेवून अडकवलेले असले पाहिजे, आणि ते बिघडून बंद राहिले तरी प्रवाशाला बाहेर पडता आले पाहिजे. विमानाच्या आसनांची चाचणी गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट धक्क्याने घेतात, ही कसोटी १९८८ पासूनची आहे. एवढ्या धक्क्यानंतर आसनाचे सांगाडे वाकतात आणि त्यांच्यालगतचे दाराचे रूळही वाकू शकतात. ९० सेकंदांत, निम्मेच दरवाजे वापरून, सारे विमान रिकामे होऊ शकते हे निर्मात्याला दाखवावे लागते. म्हणजे हे दार एरवी घट्ट बंद राहावे आणि आणीबाणीच्या वेळी मुकाट वाट सोडावी, अशी दुहेरी मागणी त्याच्याकडून असते.

आता समजा, एखाद्या संशोधकाने भारतात अर्ज केला. वडोदऱ्यातला अर्जदार असेल तर तो मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो. अर्जाचा प्राण त्यातल्या आकृत्यांत किंवा लांबलचक वर्णनात नसून शेवटी लिहिलेल्या ‘दाव्यां’त असतो. दावा प्रथेप्रमाणे एकाच वाक्यात लिहितात, आणि तो साधारण असा असेल: “विमानातील प्रवासी-सुटासाठी दार, ज्यात उभ्या पट्ट्यांची मालिका असून त्या पट्ट्या कैचीच्या जोडांनी परस्परांना जोडलेल्या आहेत, आणि जे मिटल्यावर सुटाच्या भिंतीतील पोकळीत बसते.” वाक्य वाचायला कंटाळवाणे आहे, पण शेताच्या बांधासारखे आहे, त्याच्या आत जे येते तेवढीच अर्जदाराची मालकी.

परीक्षक पहिल्यांदा नावीन्य पाहतो. येथे कसोटी कडक आणि सोपी आहे: दाव्यातील प्रत्येक घटक एकाच जुन्या वस्तूत किंवा एकाच जुन्या दस्तऐवजात सापडला, तर दावा नवा नाही. मग रावपुऱ्यातली जाळी आड येते का? तिच्यात पट्ट्या आहेत, कैची आहे, मिटणे आहे. पण ती विमानाच्या सुटासाठी नाही. ‘-साठी’ या शब्दाचा अर्थ युरोपीय पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शिकेत एका गमतीदार उदाहरणाने सांगितला आहे. वितळलेल्या पोलादासाठीचा साचा असा दावा असेल, तर बर्फाचे खडे पाडायचा प्लास्टिकचा ट्रे, आकार तोच असला तरी, त्याच्या आड येत नाही, कारण पोलाद ओतले तर तोच वितळेल. जाळीचेही तसेच आहे. सहा फुटांचे अवजड लोखंड कुणी विमानातल्या सुटाला बसवणार नाही, म्हणून नावीन्याच्या परीक्षेत आपला अर्जदार उत्तीर्ण होतो.

खरी परीक्षा पुढची असते. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम २(१)(जेए) नुसार शोधात ‘कल्पकतेची पायरी’ असली पाहिजे, म्हणजे उपलब्ध ज्ञानापेक्षा काही तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असले पाहिजे आणि त्या विषयाच्या जाणकाराला तो शोध सहज सुचण्यासारखा नसला पाहिजे. हा जाणकार म्हणजे खरा माणूस नव्हे. आपल्या धंद्यातले सगळे ठाऊक असलेला, हात कुशल असलेला, पण प्रतिभेची ठिणगी मुळीच नसलेला असा तो एक कल्पित कारागीर आहे. अशा माणसाच्या डोक्याने विचार करायचा हे परीक्षकाच्या कामातले सर्वांत अवघड अंग मला वाटते, कारण अर्ज वाचून उत्तर आधीच कळलेले असते, आणि उत्तर कळल्यावर कोणतेही कोडे सोपेच वाटते.

या मोहातून सुटण्यासाठी युरोपीय परीक्षक ठरावीक क्रमाने जातात. सर्वांत जवळची जुनी वस्तू कोणती? येथे फळीचे सरकते दार. तिच्यात आणि दाव्यात फरक कोणता? मिटणे. त्या फरकाने काय साधले? पोकळीची जागा वाचली. मग प्रश्न असा उरतो की, जागा वाचवायला निघालेला विमान-सजावटीचा जाणकार मिटणाऱ्या दाराकडे वळला असता का. नुसता वळू शकला असता का, असे नव्हे. यासाठी परीक्षक पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शोध घेतो. विमानातील आसने ‘बी६४डी ११/०६’ या खणात असतात. आणि दूर, इमारतींच्या दाराखिडक्यांच्या विभागात, ‘ई०६बी ९/०६’ नावाचा एक खण आहे, ज्यात भात्यासारखी किंवा कैचीसारखी मिटणारी शटरे आणि जाळ्या ठेवल्या आहेत. रावपुऱ्यातल्या जाळीचा पत्ता जगभरच्या पेटंट कार्यालयांत हाच आहे.

परंतु परीक्षकाला इतक्या दूर जावेच लागत नाही. विमानातून प्रवास केलेल्या प्रत्येकाने मधोमध दुमडणारे दार पाहिलेले आहे; ते स्वच्छतागृहाचे असते आणि ते तसे असण्याचे कारणही जागेची टंचाई हेच असते. तेच विमान, तीच अडचण, तोच उपाय. दुमडणारे दार माहीत असलेल्या कारागिराने दोनाऐवजी अनेक पट्ट्या आणि बिजागरीऐवजी कैची घेतली, यात नवल ते काय? पहिला दावा येथे कोसळतो.

हे कठोर वाटेल, पण निवाडे याच दिशेचे आहेत. अमेरिकेत विमानातील स्वच्छतागृहाच्या एका भिंतीवरून वाद झाला होता. पुढच्या आसनाची तिरकी पाठ आणि खालचे पाय मागे सरकावेत म्हणून त्या भिंतीला दोन खोलगट भाग दिले होते. जुन्या एका पेटंटात कोट ठेवण्याच्या कपाटाला आसनाच्या पाठीसाठी असाच खोलगट भाग होता, आणि दुसरा भाग खाली द्यावा हे साध्या व्यवहारबुद्धीचे काम आहे, असे म्हणून फेडरल सर्किट न्यायालयाने २०२० साली ते पेटंट रद्द ठरवणारा निर्णय कायम केला. आपल्याकडे १९७८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा आहे. लेथवर भांडे धरून ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट न्यायालयाने ‘कारखान्यातली किरकोळ सुधारणा’ या सदरात घातले आणि ते टिकले नाही. आपल्या कायद्याचे कलम ३(एफ) तर स्पष्टच सांगते की, आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करणाऱ्या माहीत वस्तूंची नुसती मांडामांड हा शोध नव्हे.

मग अर्जदाराजवळ काय उरते? परीक्षकाचा पहिला अहवाल आल्यावर उत्तर द्यायला त्याला सहा महिने मिळतात, आणि या काळात हुशार वकील जागेचा मुद्दा सोडून देतो व सुटकेचा मुद्दा धरतो. समजा, वर्णनात कुठेतरी असे लिहिले आहे की, रूळ वाकून दार अडकले आणि प्रवाशाने आतून जोर लावला, तर वरचे जोड सुटतात. आता अडचण बदलली, आणि अडचण बदलली की जाणकाराची वाटही बदलते. रावपुऱ्यातली जाळी येथे काहीच मदत करत नाही, कारण तिचा सगळा जन्मच जोराला दाद न देण्यासाठी आहे. तिच्याकडून शिकणारा माणूस जोड अधिक मजबूत करील.

परीक्षकही गप्प बसत नाही. मोठ्या इमारतींमधली आपोआप सरकणारी काचेची दारे तो पुढे करतो. त्यांतील कित्येक दारे आणीबाणीत ढकलली की रुळातून सुटून बाहेरच्या बाजूला उघडतात. यावरचे उत्तर मला या सबंध प्रकरणातला सर्वांत सुरेख भाग वाटतो. इमारतीत दाराबाहेर मोकळी जागा असते. विमानात दाराबाहेर बोळ असतो, आणि मोठ्या विमानातही नियमाने त्याची किमान रुंदी जमिनीलगत १५ इंच आणि वर २० इंच एवढीच मागितली आहे. दार बाहेर उघडले तर एकाची सुटका होईल आणि मागच्या सगळ्यांची वाट बंद होईल. म्हणून आपल्या दाराच्या पट्ट्या सुटल्यावर बोळात न पडता, कैचीचा खालचा जोड धरून सुटाच्या उंबऱ्याच्या रेषेतच खाली बसतात, असे जर अर्जात मुळापासून असेल, तर काचेचे दार आणि जाळी एकत्र आणूनही तिथे पोचता येत नाही.

‘मुळापासून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्ज दाखल झाल्यानंतर त्यात नवा मजकूर घुसवता येत नाही. आपल्याकडे कलम ५९ आणि युरोपात कलम १२३(२) ही दारे बंद करतात. पट्ट्या उंब‌ऱ्याच्या रेषेत बसलेल्या एखाद्या आकृतीत दाखवल्या असतील तर अर्ज तरतो, नसतील तर नंतर सुचलेले शहाणपण कामाला येत नाही.

दाव्याचा बांध आत सरकला की काय होते, याचे विमानातलेच उदाहरण आहे. व्हर्जिन अटलांटिकच्या तिरक्या रांगेत मांडलेल्या, उलटून पलंग होणाऱ्या आसनांच्या पेटंटाचे उल्लंघन झाल्याचे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००९ साली मानले. पुढच्याच वर्षी युरोपीय पेटंट कार्यालयाने तेच दावे अरुंद केले आणि प्रतिपक्षाची आसने त्यांच्या बाहेर पडली. ४.९ कोटी पौंडांहून अधिक भरपाईचा दावा होता. २०१३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीचा आधार घेण्याची मुभा प्रतिपक्षाला दिली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेटंट मिळाले म्हणजे दार सुरक्षित ठरले असे नाही, आणि ते बसवण्याचा परवाना मिळाला असेही नाही. पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे इतरांना रोखण्याचा हक्क देते, एवढेच. दार खरोखर उघडते का हे विमान-सुरक्षेचे अधिकारी तपासतात. आणि रोखण्याच्या हक्कालाही कायद्याने एक मजेशीर अपवाद ठेवला आहे: परदेशात नोंदलेले विमान तात्पुरते भारतात आले, तर त्यावर बसवलेल्या पेटंट-दारामुळे कलम ४९ नुसार उल्लंघन होत नाही. नाहीतर मुंबईला उतरलेल्या प्रत्येक विमानाची दारे मोजत बसावे लागले असते.

अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही त्याला विरोध नोंदवू शकतो. ‘अर्जाच्या आधीपासून भारतात वापरात असलेल्या वस्तूवरून हा शोध सहज सुचण्यासारखा आहे’ हे विरोधाचे एक मान्य कारण आहे. मूळचा, रुंद दावा परीक्षकाच्या नजरेतून सुटला असता, तर रावपुऱ्यातला एखादा दुकानदारही हरकत घेऊन उभा राहू शकला असता. त्याला फक्त जाळीचा फोटो आणि ती कधी बसवली हे सांगणारे, लोहाराच्या सहीचे, तारीख असलेले बिल शोधून काढावे लागले असते.