साप्ताहिक सुट्टी (मुंबईच्या कापड गिरण्या)

मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना आठवड्यातून एक दिवस कामातून मिळणारी हक्काची मोकळीक. शेतीत विसावा ऋतूंप्रमाणे आणि सणांप्रमाणे येतो. पोळ्याला तर बैलाच्या मानेवरही जू ठेवत नाहीत. गिरणीत मात्र दिवस भोंग्याने बांधला गेला. सुरुवातीला साचे, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत, आणि गिरणी बंद असली तरी यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना बोलावले जाई. १८८१ च्या कारखाना कायद्याने मुलांच्या कामाचे तास मर्यादित केले, प्रौढांचे नाही.

सत्यशोधक कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारनियुक्त आयोगापुढे मांडले. रविवारची पूर्ण सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील दोन मागण्या वरवर सारख्या वाटल्या, तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे. दुपारची विश्रांती शीण घालवून माणसाला पुन्हा साच्यापुढे उभे करते, म्हणजे ती कामाचाच भाग असते. रविवार मात्र घर, देव आणि सोबती यांच्यासाठी मागितला होता, आणि या मागणीचे खरे मोल त्यातच आहे. रविवार खंडोबाचाही वार असल्याने तो कामगारांना परका नव्हता. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ दिले, पण प्रौढ पुरुषांच्या रोजच्या तासांना मर्यादा घातली नाही. त्यामुळे पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर कामाचा दिवस उलट लांबला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ मध्ये आली आणि १९४८ च्या कायद्याने ती कायम ठेवली.

मोकळा वेळ मिळाला, तरी तो घालवायला जागा अपुरी होती. गिरणगावातील गाळ्यांत कामगार पाळीपाळीने झोपत. एकजण कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा पथारी पसरी. सुट्टीच्या दिवशी सगळेच घरी असल्याने माणसे बाहेर पडत, आणि भजनी मंडळे, आखाडे, तमाशाचे फड व गणेशोत्सव यांना गिरणगावात जो बहर आला, त्यामागे ही दाटीही होती. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला मात्र त्या दिवशी आठवड्याचे साठलेले धुणे, दळण आणि चाळीच्या नळावरची रांग येई.